वेगा बॉक्स, स्मॉल ब्लॉक शेव्ही आणि लेक्स हेडर: स्टीअरिंगचा शाफ्ट कुठून न्यायचा?

ड्यूस_रेल्स
हॉट रॉड (इंजिन बदलून सुधारलेली जुनी गाडी) बांधतोय. १९३२च्या फोर्डच्या रेल्सवर (चासीच्या दोन लांब तुळयांवर) १९३१ची मॉडेल ए बॉडी आहे. इंजिन ३५० घन इंची स्मॉल ब्लॉक शेव्ही (शेवरलेचं व्ही-८), गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. पुढे ड्रॉप अ‍ॅक्सल (गाडी खाली बसावी म्हणून टोकांना वर वळवलेला), आडवा पाटा (लीफ स्प्रिंग) आणि हेअरपिन (अ‍ॅक्सलला चासीशी धरणारे दांडे). मडगार्ड नाहीत, बॉनेटला बाजूचे पत्रे नाहीत, त्यामुळे एक्झॉस्ट पूर्ण उघडा दिसणार. म्हणून लेक्स पद्धतीचे हेडर (इंजिनच्या बाजूने उघड्यावर निघणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्या) हवेत. स्टीअरिंगला शेवरले वेगा गाडीचा स्टीअरिंग बॉक्स आणि क्रॉस स्टीअर (डावीकडच्या बॉक्सपासून उजव्या चाकाकडे आडवा दांडा) असा विचार आहे. पण कागदावर कॉलमपासून बॉक्सपर्यंत रेघ मारली की ती डाव्या बाजूच्या शेवटच्या नळीतून जाते. आधी हेडर घेऊन शाफ्ट त्याच्याभोवती फिरवायचा, की उलट? आणि नळी १ ५/८ इंची घ्यावी की १ ३/४?

लोहारकाका
उलट. आधी स्टीअरिंग, मग हेडर. नळी कापून, वळवून, वेल्ड करून कुठूनही नेता येते. शाफ्ट सरळच जातो आणि जिथे वळवाल तिथे एक युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरू देणारा सांधा) लागतो. हेडर आधी घेतलेत की शाफ्टला तिसरा जॉइंट लागणार, तिसऱ्या जॉइंटला आधाराचं बेअरिंग लागणार आणि ते बेअरिंग बसवायला जागा उरते ती नेमकी तापलेल्या नळीला खेटून.

तुमच्या इंजिनात डावीकडे पुढून मागे १, ३, ५, ७ असे सिलिंडर आहेत. शाफ्ट फायरवॉलजवळ सर्वांत उंच असतो आणि पुढे बॉक्सकडे उतरत जातो. म्हणजे १ आणि ३च्या नळ्यांखालून तो आरामात निघतो, ५ला जवळ येतो आणि ७ला भिडतो. भांडण एकट्या सातव्या नळीशी आहे. लेक्स हेडरमध्ये नळ्या रेलच्या वरून बाहेर पडतात, त्यामुळे शाफ्ट खालून काढायचा असेल तर कॉलमचं टोक खाली आणायला हवं किंवा सातवी नळी वर उचलून पुढे वळवायला हवी. दोन्हीपैकी काय करायचं ते गाडीवरच ठरतं, कागदावर नाही.

मोजपट्टी
काकांच्या म्हणण्यात एवढीच भर: मोजायच्या आधी गाडी चालत्या उंचीवर आणा. पाट्यावर इंजिनचं वजन नसताना ठरवलेली प्रत्येक गोष्ट नंतर हलते. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर जागेवर ठेवा, अ‍ॅक्सल स्टँडवर ठेवून रेल्स शेवटच्या उंचीला टेकवा, सीट ठेवून स्टीअरिंग व्हीलची जागा ठरवा आणि मग कॉलम टाका. शाफ्टच्या जागी ३/४ इंची लाकडी दांडा वापरा. जॉइंटच्या जागी दांड्यावर साधारण ३५ मिमी व्यासाची चकती चढवा, कारण नळीला अडतो तो शाफ्टपेक्षा जॉइंटच जास्त, आणि फिरताना त्याचे कान (काटे) आणखी जागा घेतात.

कॅस्टर_सात
शाफ्टच्याही आधी खालची लिंकेज ठरवा, कारण बॉक्स रेलवर नेमका कुठे बसणार हे ड्रॅग लिंक सांगते. क्रॉस स्टीअरमध्ये ड्रॅग लिंक डाव्या रेलवरच्या पिटमन आर्मपासून (बॉक्समधून निघणाऱ्या आर्मपासून) उजव्या चाकाच्या स्टीअरिंग आर्मपर्यंत आडवी जाते. चालत्या उंचीला ती जमिनीला समांतर हवी. आडव्या पाट्याला शॅकल असतात, त्यामुळे अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकतो आणि तेवढं चाक आपोआप वळतं. म्हणून क्रॉस स्टीअरला पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) हवाच. तो ड्रॅग लिंकला समांतर, शक्य तितक्या तिच्याच लांबीचा, आणि त्याचं चासीकडचं टोक बॉक्सच्याच बाजूला. उलट्या बाजूला लावलात तर दोघांचे कंस विरुद्ध दिशेला जातात आणि प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग हाताला धक्का देतं.

आकड्यात बघा. ड्रॅग लिंक ९०० मिमी, पॅनहार्डही ९०० आणि दोन्ही समांतर असतील तर अ‍ॅक्सल ५० मिमी खाली गेल्यावर दोन्हींची आडवी लांबी सुमारे १.४ मिमीने कमी होते. फरक शून्य. आता समजा बॉक्स उंच बसवला आणि ड्रॅग लिंकचं पिटमनकडचं टोक ७५ मिमी वर राहिलं. त्याच ५० मिमीला लिंक ५.६ मिमी आखडते आणि पॅनहार्ड १.४च. उरलेले ४.२ मिमी स्टीअरिंग आर्म ओढतात. आर्म १५० मिमीचा असेल तर चाक दीड अंशाहून जास्त वळलं, आणि चालकाने काही केलेलंच नाही. हेडरला जागा मिळावी म्हणून बॉक्स वर चढवण्याचा मोह बराच होतो, तेव्हा हा हिशोब आठवा.

ड्यूस_रेल्स
म्हणजे बॉक्सची उंची पक्की. टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) मात्र अ‍ॅक्सलच्या पुढे घ्यावा असं वाटतंय, कारण मागे हेअरपिन आणि ड्रॅग लिंकची गर्दी होतेय.

कॅस्टर_सात
मागेच ठेवा. मागे असताना स्टीअरिंग आर्म आतल्या बाजूला झुकलेले असतात आणि वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं. हीच आकरमान भूमिती. किंगपिनच्या (चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या) मध्यापासून टाय रॉडच्या भोकातून दोरी ओढली तर ती मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याजवळ पोचली पाहिजे. तुमचा व्हीलबेस १९३२च्या मूळ मापाने २६९२ मिमी धरू. दोन किंगपिनमधलं अंतर समजा १२८० मिमी. मग कोन सुमारे १३.४ अंश येतो आणि १४० मिमी लांबीच्या आर्मला भोक सुमारे ३२ मिमी आत लागतं. तेच आर्म उलटे फिरवून टाय रॉड पुढे नेलात तर भोकं चुकीच्या बाजूला झुकतात, आतलं चाक कमी वळतं आणि प्रत्येक वळणावर टायर घासत जातो. पुढे न्यायचाच असेल तर भोकं किंगपिनच्या बाहेर घ्यावी लागतात, आणि तिथे ब्रेक डिस्क किंवा ड्रम आडवा येतो.

गर्दीचं म्हणाल तर ड्रॉप केलेले स्टीअरिंग आर्म घ्या. टाय रॉड हेअरपिनच्या खालून जातो. फक्त तो रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा खाली जाऊ देऊ नका. टायर बसला तर टाय रॉड रस्त्याला लागता कामा नये.

आटेसूत
आता सुटे भाग. टाय रॉड आणि ड्रॅग लिंकसाठी सीमलेस नळी, बाहेरचा व्यास ७/८ किंवा १ इंच, भिंत निदान ४ मिमी. जुन्या फोर्ड पद्धतीच्या टाय रॉड एंडला (टोकाच्या गोळ्याच्या सांध्याला) ११/१६-१८ आटे असतात. एका टोकाला उजवे, दुसऱ्याला डावे, म्हणजे चाकांचं टो (पुढून आत किंवा बाहेर वळलेलं असणं) नळी फिरवून लावता येतं. एंड नळीत निदान २५ मिमी आत गेला पाहिजे आणि जॅम नट दोन्हीकडे हवा. सेटिंग झाल्यावर दोन्ही एंड एकाच पातळीत आहेत ना ते बघा. एक पुढे आणि एक मागे झुकलेला राहिला तर नळी हाताने हलत नाही आणि पूर्ण वळणावर एंडची मान अडकते.

टेपरकडे (स्टडच्या निमुळतेपणाकडे) जास्तच लक्ष द्या. पुष्कळ टाय रॉड एंडचा टेपर फुटाला दीड इंच, म्हणजे साधारण ७ अंश असतो, पण आर्मचं भोकही तसंच असेल असं धरून चालू नका. एंडच्या टेपरला निळी शाई लावा, भोकात घालून अर्धा वळसा फिरवा आणि काढा. शाई टेपरच्या सगळ्या लांबीवर सारखी पुसली गेली पाहिजे. फक्त वर किंवा फक्त खाली एक कडं उमटलं तर टेपर जुळत नाही. नट कितीही आवळा, स्टड भोकात डुलत राहतो आणि एक दिवस आट्यांच्या मुळाशी तुटतो. भोक लहान असेल तर योग्य टेपरचा रीमर फिरवा, मोठं असेल तर टेपर बुश घाला. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे सैल करायचा नाही.

धुरांडे
टाय रॉड एंडऐवजी हाइम जॉइंट (उघड्या घरात फिरणाऱ्या गोळ्याचे सांधे) वापरले तर? दिसायला नेटके असतात आणि मोकळीकही कमी.

आटेसूत
मोकळीक नव्यात कमी. त्यांना रबरी टोपण नसतं, धूळ-पाणी थेट गोळ्यावर, त्यामुळे रस्त्यावर लवकर खुळखुळतात. वापरायचेच असतील तर बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला हवा, कानात एकाच बाजूने लोंबता नको. वर मोठा सुरक्षा वॉशर हवा, म्हणजे गोळा घरातून निसटला तरी रॉड खाली पडणार नाही. पॅनहार्डला चालतील. स्टीअरिंगला माझं मत टाय रॉड एंडच.

आणि क्रोमबद्दल, कारण उघड्या गाडीत तो विषय निघतोच. स्टीअरिंग आर्म, पिटमन आर्म यांसारखे कणखर पोलादाचे भाग क्रोम करताना धातूत हायड्रोजन शिरतो आणि भाग ठिसूळ होतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजले तरच तो बाहेर निघतो. प्लेटिंग करणारा हे करतो का, हे आधी विचारा. नाही म्हणाला तर हे भाग रंगवा. हेच भाग तापवून वाकवणं किंवा त्यांना वेल्ड मारणं तर अजिबात नको. हवा तो ड्रॉप असलेला फोर्ज आर्म घ्या.

मोजपट्टी
जॉइंटकडे येऊ. एका जॉइंटला जास्तीत जास्त ३५ अंश धरा, पण तिथपर्यंत जाऊ नका. एकट्या जॉइंटमध्ये कोन वाढला की फिरण्याचा वेग समान राहत नाही. ३० अंशाला बाहेरचा शाफ्ट एका फेरीत दोनदा ०.८७ पट मंद आणि दोनदा १.१५ पट जलद होतो. हाताला स्टीअरिंग मध्येच जड, मध्येच हलकं लागतं. दोन जॉइंट सारख्या कोनात ठेवले आणि मधल्या शाफ्टवरचे दोन्ही कान एका रेषेत ठेवले की हा फरक एकमेकांत मिटतो. कान ९० अंशांनी चुकवले तर दुप्पट होतो.

तुमच्याकडे एक बारकावा आहे. शाफ्ट खाली उतरतो तसाच बाहेर रेलकडेही सरकतो, म्हणजे वरचा आणि खालचा वाकाव एकाच पातळीत नाहीत. अशा वेळी दोन पातळ्यांमध्ये जेवढा कोन, तेवढेच मधल्या शाफ्टचे कान एकमेकांपासून फिरवावे लागतात. डीडी शाफ्टवर (दोन बाजूंनी सपाट असलेल्या) ते जमत नाही, तो १८० अंशांनीच बसतो. स्प्लाइनवर (दातेरी टोकावर) दात मोजून जमतं. ३६ दातांच्या स्प्लाइनला एक दात म्हणजे १० अंश.

स्प्लाइन मागवताना व्यास आणि दात दोन्ही सांगा. ३/४-३० आणि ३/४-३६ ही दोन्ही मापं मिळतात आणि कॅलिपरवर सारखीच दिसतात. शेवरलेच्या पुष्कळ कॉलमचं टोक १-४८ असतं. दात खडूने खूण करून मोजा, दोनदा.

लोहारकाका
सेट स्क्रूसाठी शाफ्टवर खळगा करा. नुसता सपाट भागावर आवळलेला स्क्रू सुटतोच. स्क्रूच्याच भोकातून ड्रिलचं टोक टेकवून खूण घ्या, शाफ्ट काढून खळगा पाडा, मग स्क्रूला थ्रेड लॉक लावून आवळा आणि वर जॅम नट. शाफ्टचं टोक जॉइंटच्या आत डोकावू देऊ नका. सरळ असताना कळत नाही, कोनात फिरला की टोक क्रॉसला घासतं आणि स्टीअरिंग मध्येच अडकतं. जॉइंट बसवल्यावर कोनात धरून पूर्ण फेरी फिरवून बघा.

दोनच जॉइंट असतील तर मधल्या शाफ्टला आधार लागत नाही. तीन झाले की लागतोच, नाहीतर मधला जॉइंट दोरीउडीसारखा झेपावतो. आधाराला ३/४ इंची भोकाचा हाइम जॉइंट चासीला बांधतात. इंजिनला कधीच नाही, इंजिन हलतं.

ड्यूस_रेल्स
दांडा टाकून पाहिला. दोन जॉइंटमध्ये जमतंय, वर २४ आणि खाली १९ अंश. पण सातव्या नळीच्या मूळ रेषेपासून फक्त ८ मिमी राहतात. इंजिन रबरी माउंटवर आहे.

धुरांडे
८ मिमी चालणार नाहीत. रबरी माउंटवर निदान २० मिमी हवेत, २५ असतील तर उत्तम. भक्कम माउंटवरही १२च्या खाली नको.

कारण असं. पुढे जाताना एक्सलेटर दाबला की हे इंजिन चालकाच्या जागेवरून पाहता डावीकडून वर उचललं जातं आणि उजवीकडे दबतं. तुमचा शाफ्ट सातव्या नळीच्या वर असेल तर नळी नेमकी त्याच्याकडे जाते. रिव्हर्समध्ये उलट, डावी बाजू दबते. म्हणून दोन्ही बाजूंनी तपासा: हेडर लावून, डाव्या माउंटजवळ पहार घालून इंजिन वर उचला, मग दाबा, आणि दोन्ही वेळा स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. त्यात उष्णतेचा फैलाव मिळवा. ६०० मिमी लांबीची साध्या पोलादाची नळी ५०० अंशांनी तापली की सुमारे ४ मिमी वाढते, ३०४ स्टेनलेसची सुमारे साडेपाच. थंड गाडीत ८ दिसणारी फट गरम गाडीत, पूर्ण जोर दिल्यावर, उरतेच असं नाही.

तुमच्या जागी मी सातवी नळी फ्लँजमधून (हेडला बोल्टने बसणाऱ्या पट्टीतून) निघताच पुढे वळवेन आणि पाचव्याच्या बाजूने बाहेर काढेन. विकतच्या हेडरची तेवढीच नळी कापून बदलता येते. नळीला ठोकून पोचा देणं हा शेवटचा उपाय. उथळ आणि लांबट पोच्याने इंजिनला फारसं कळत नाही, पण खोल आणि कोपऱ्याचा पोचा तिथेच तडकतो.

व्यासाचं उत्तर. एका सिलिंडरचं आकारमान घन इंचात, नळीचं आतलं क्षेत्रफळ चौरस इंचात. क्षेत्रफळ गुणिले ८८,२००, भागिले सिलिंडरचं आकारमान, म्हणजे ज्या फेऱ्यांना टॉर्कला मदत होते तो अंदाज. ३५०ला एक सिलिंडर ४३.७५. १८ गेजच्या १ ५/८ नळीला क्षेत्रफळ १.८३, म्हणजे सुमारे ३७००. १ ३/४ला २.१४, म्हणजे सुमारे ४३००. हलकी गाडी, ऑटोमॅटिक, सौम्य कॅम असेल तर १ ५/८ घ्या. खालचा जोर टिकतो आणि प्रत्येक नळीमागे ३ मिमी जागाही वाचते. तुम्हाला ती जागा हवीच आहे.

मोजपट्टी
हेडर मागवण्याआधी हेडचे प्लग सरळ आहेत की तिरके ते बघा. सरळ प्लगसाठी बनवलेल्या हेडरवर तिरक्या प्लगची टोपी नळीला टेकते आणि जळते. स्टार्टर उजव्या बाजूला आहे, तिथे छोटा गिअर रिडक्शन स्टार्टर लावलात तर नळीपासून दूर राहतो. डावीकडे मागे ऑइल फिल्टर असतो. तो हेडर न काढता निघतो का हे फिल्टर प्रत्यक्ष लावून आणि काढून बघा.

लोहारकाका
फ्लँज ३/८ इंच जाडीची घ्या. पातळ फ्लँज वेल्डच्या उष्णतेने केळ्यासारखी वाकते. जुन्या, निकामी हेडवर सगळे बोल्ट आवळून वेल्ड करा, आधी सगळ्या नळ्यांना तीन-तीन टाके, मग एका नळीवर थोडं, दुसऱ्या टोकाच्या नळीवर थोडं. पूर्ण गार झाल्याशिवाय बोल्ट सोडू नका. मग सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासा. पाव मिमीपेक्षा जास्त फट असेल तर फ्लँज घासून सपाट करा. जाड गॅस्केटवर विसंबू नका.

ड्यूस_रेल्स
सातवी नळी पुढे वळवून टाके मारले. आता थंड स्थितीत २४ मिमी आहेत, डावी बाजू उचलल्यावर १५. नळ्यांना कापडी पट्टी गुंडाळावी का? जॉइंटपासून उष्णता लांब ठेवायची आहे.

धुरांडे
२४ ठीक. पट्टी नको. ती उष्णता नळीतच कोंडते आणि ओलावा धरून ठेवते, त्यामुळे साधं पोलाद आतल्या आत गंजतं आणि तडा गेला तरी दिसत नाही. आतून-बाहेरून सिरॅमिक कोटिंग करा. जॉइंटसमोर १ मिमी अ‍ॅल्युमिनियमची ढाल लावा, नळी आणि ढाल यांत निदान १० मिमी हवा खेळू द्या. ढाल चासीला धरा. सुई बेअरिंगच्या जॉइंटमधलं ग्रीस तापून बाहेर आलं की जॉइंट कोरडा पडतो, आधी जड होतो आणि मग खुळखुळतो. कॉलमला रबरी कपलिंग असेल तर ते फायरवॉलच्या जवळ, नळीपासून दूर ठेवा. तापून कडक झालेलं रबर चिरत जातं.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली डावीकडे असेल तर त्याच्याजवळून जाणाऱ्या पाइपलाही ढाल हवी. नव्या डॉट ३ ब्रेक फ्लुइडचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश, डॉट ४चा २३०, पण पाणी शोषल्यावर हेच १४० आणि १५५वर येतात.

सडकछाप_रॉडर
एक पर्याय कुणी मांडला नाही म्हणून लिहितो. १९४८ ते ५२च्या फोर्ड एफ-१ ट्रकचा बॉक्स. तो फायरवॉलजवळ रेलवर बसतो, पिटमन आर्म रेलच्या बाहेर येतो आणि ड्रॅग लिंक डाव्या बाजूने सरळ पुढे जाते. इंजिनशेजारून शाफ्ट जातच नाही, त्यामुळे हेडरला पूर्ण मोकळीक. अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकला तरी चाक फारसं वळत नाही. बंप स्टीअर (खड्ड्यात चाक आपोआप वळणं) टाळायला ड्रॅग लिंक हेअरपिनला समांतर आणि तिच्या जवळपास लांबीची ठेवायची. फक्त रेल कापून सेक्टर शाफ्टला (पिटमन आर्म ज्यावर बसतो त्याला) जागा करावी लागते आणि कापलेल्या ठिकाणी आतून जाड पट्टीचा आधार द्यावा लागतो. लेक्स हेडरवर जीव असेल आणि रेल्स अजून कापायला हरकत नसेल, तर मी हाच घेईन.

कॅस्टर_सात
पटतं, पण त्यांनी सातवी नळी सोडवली आहे आणि पॅनहार्डही लागलाय, आता वेगाचाच बॉक्स पुढे न्यावा.

बॉक्स जोडताना मध्य साधा. बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेऱ्या मोजा, निम्म्यावर आणा, चाकं सरळ ठेवा आणि तशा स्थितीत ड्रॅग लिंकची लांबी लावा. आतले दाते मध्यावरच घट्ट असतात. मध्य चुकला तर सरळ रस्त्यावर मोकळीक जाणवते आणि मग लोक वरचा स्क्रू आवळून बॉक्सच खराब करतात. शेवटचा थांबा अ‍ॅक्सलवर द्या, बॉक्सच्या आतल्या टोकाला आपटू देऊ नका. कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकाव) ५ ते ७ अंश, टो-इन (चाकं पुढून आत वळलेली) दीड ते तीन मिमी.

ड्यूस_रेल्स
थांबे अजून लावलेले नाहीत, ते आज करतो. हेडरचे बोल्ट किती आवळायचे?

लोहारकाका
३/८-१६चे बोल्ट, २० ते २५ फूट-पौंड, मधल्यांपासून बाहेर. अ‍ॅल्युमिनियम हेड असेल तर आट्यांना अँटी-सीझ लावा. इंजिन एकदा पूर्ण तापवून पूर्ण गार करा आणि पुन्हा आवळा. पहिल्या दोन-तीन वेळा बोल्ट थोडे फिरतील, मग थांबतात. थंड असताना टिकटिक आणि तापल्यावर गप्प, असं झालं तर गॅस्केट गळतंय. फ्लँजच्या कडेला काजळीची रेघ दिसेल तिथे बघा.

स्टीअरिंगच्या प्रत्येक जॅम नटवर आणि सेट स्क्रूवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा, नटावरून शाफ्टपर्यंत. पहिल्या फेरीनंतर गाडीखाली जाऊन रेघा बघा. तुटलेली रेघ म्हणजे तो नट हलला.